कौशल्याबाईंची हूल

कौशल्याबाईंनी मधली तीन पानं उघडली. चौकटची सत्ती, किलवरची तिर्री, बदामाची नव्वी. एक पान असं नव्हतं की ज्यानं त्यांच्या हातातल्या पानांना ओळख द्यावी. हातात इस्पिकचा राजा आणि इस्पिकची राणी, शेजारी शेजारी, बोहल्यावर उभी केल्यासारखी. आणि वऱ्हाड म्हणून आलं ते हे, तीन वाटांनी आलेलं, उपाशी. त्यांनी चेहरा हलू दिला नाही. चेहरा हलवायला त्या काय काल खेळायला बसल्या होत्या? पण आत राग उसळला, आणि तो पानांवरचा नव्हता. पानांवर कोण रागावतं? राग होता समोर बसलेल्या शालनबाईंवर. बाईनं आपली दोन पानं एकदा बघितली, पालथी ठेवली आणि निवांत शेंगा फोडायला घेतल्या. कौशल्याबाईंच्याच घरच्या शेंगा. महिना होत आला, बाई रोज दुपारी पिंपरीच्या ह्या ओसरीवर येत होती, खेळत होती, शेंगा खात होती, टरफलं नीट गोळा करून उठत होती, आणि जे एक वाक्य ऐकायला कौशल्याबाई रोज चटई झटकून ठेवत होत्या ते सोडून जगातलं सगळं बोलत होती. कारखान्याच्या भोंग्याचं बोलायची. साताऱ्याकडच्या पाण्याचं बोलायची. आत्तासुद्धा म्हणाली, "यंदा कैऱ्या लवकर धरल्यात, न्हाई?" कैऱ्या! हिच्या बबनला आपली नात दाखवली, पोहे खायला घातले, पोरगी चालवून दाखवली, सुईत दोरा ओवून दाखवला, 'कळवतो' म्हणून हात धुऊन उठले, आणि ही झाडावरच्या कैऱ्या बघतीय.

"टाक की गं कौसे," सावित्रीबाई म्हणाल्या. "पानं बघतीयस का पोथी वाचतीयस?" सावित्रीबाई पाठीमागच्या घरातल्या. दोघी एकाच वर्षी ह्या गावात सुना म्हणून आलेल्या, त्यामुळं कौशल्याबाईंना 'कौसे' म्हणायचा हक्क पिंपरीत त्यांच्याएवढा कुणाला उरला नव्हता.

"तुला कशाची घाई? घरी काय पंगत बसलीय?"

"पंगत न्हाई, पण पायाला मुंग्या आल्यात माझ्या."

खेळ कौशल्याबाईंच्या मालकांनी, हिंदुरावांनी, घरात आणलेला. लढाईच्या दिवसांत ते देहूरोडच्या डेपोत सुतारकामाला होते, पेट्या ठोकायचे, आणि तिथं कुणा पलटणीतल्या माणसांजवळ उभं राहून गोऱ्यांचा हा खेळ डोळ्यांनी उचलून आले. नाव त्यांनाही धड सांगता येईना, म्हणून घरात त्याला 'मधली तीन' म्हणू लागले. ज्याच्या त्याच्या हातात दोन पानं झाकलेली, मधे तीन सगळ्यांची. पाचांतली आपली तीन निवडायची. मधली उघडायच्या आधी एकदा चिंचोके टाकायचे, उघडल्यावर पुन्हा. आईसमोर बायकोशी पत्ते खेळणारा माणूस त्या काळी पिंपरीत एकच असेल. सासू तोंडाला पदर लावायची. हिंदुराव ऐकायचे नाहीत. जेवणं उरकली की भिंतीला टेकून बसायचे, हातांना लाकडाचा वास, नखांत भुसा, आणि म्हणायचे, "पान लागल्यावर कुनीबी खेळंल गं. पान न्हाई लागलं म्हंजी काय करतीस, त्यावर बाई कळती." हूल देणं त्यांनीच शिकवलं. हूल रोज द्यायची नाही आणि कधीच द्यायची नाही असंही नाही. हूल द्यायची तर मधल्या पानांना शोभेल अशी. मधे सत्ती-नव्वी पडली तर हातात ओळ पुरी करणारी अठ्ठी असल्यासारखं बसायचं; राजा असल्यासारखं बसलीस तर कोण भिणार? आणि हूल देताना आपल्या पानांकडं बघायचं नाही, समोरच्याकडं बघायचं. आपल्या पानांत काय बघायचं, ती मेलीच. हे सांगताना ते हसायचे, आणि त्यांच्या हसण्यावरून त्यांच्या हातात काय आहे ते कौशल्याबाईंना कळायचं. ते त्यांनी मालकांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. माणूस गेला. आता कधी कधी वाटतं, सांगायला हवं होतं. मग वाटतं, कशाला?

समोरच्याकडं बघायचं. त्यांनी शालनबाईंकडं बघितलं. गोल चेहरा, कपाळावर ठसठशीत कुंकू, हनुवटीवर गोंदलेला हिरवा ठिपका. वाचायला काही नाही. ह्या बाईच्या चेहऱ्यावर पाटी लावलेली असायची, मालक घरी नाहीत. कारखाना उभा राहत होता तेव्हा ही माणसं साताऱ्याकडनं आली. नवरा मारुतराव फिटर, पोरगा बबन त्याच कारखान्यात, नुकताच कायम झालेला. भाड्याची खोली, चार भांडी. आणि आपण? आपली इथली सात पिढ्यांची वस्ती. कारखान्याची भिंत जिथनं सुरू होते तिथपासून ओढ्यापर्यंत ज्यांची रानं होती, ते आपण. आणि आज ह्या उपऱ्या बाईच्या तोंडाकडं आपण बघायचं. चिमाजी, त्यांचा लेक, त्याच रानात उभ्या राहिलेल्या फाटकावर आता वॉचमन. खाकी टोपी घालून स्वतःच्या रानात शिरणाऱ्याला सलाम ठोकतो. त्याला विचारलं तर म्हणतो, "आई, तू म्हणशील तसं." सून नातीला, इंद्रायणीला, सहा महिन्यांची टाकून गेली. तेव्हापासून पोरगी आजीच्या कुशीत वाढलेली. पोरगी कशी, तर हातातली राजा-राणी. ती काही कमी नव्हती. मधे जे येऊन पडलं ते कमी होतं.

हूल द्यावी कशी, हे कौशल्याबाईंना कुणी शिकवायला नको होतं. रानं मोजायला साखळ्या घेऊन माणसं आली तेव्हा हिंदुराव राहिले नव्हते. चिमाजी साखळीवाल्यांना पाणी नेऊन देत होता. कौशल्याबाई एकट्या बांधावर गेल्या, चिंचेखालचा एक दगड दाखवला आणि म्हणाल्या, "हितं आमचा मूळपुरुष बसलाय. त्याला हात लावा, न्हाईतर नका लावू. पुढं ज्याचं त्यानं बघायचं." दगड बैल बांधायचा होता. साहेब हसला नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. रान गेलं ते गेलंच, पण भिंत बांधली तेव्हा त्या दगडाला वळसा घालून बांधली. आता दगडाला शेंदूर आहे. मंगळवारी पाळी सुटली की कामगार नारळ फोडतात, बायका दिवा लावतात. मागं एकदा तिथनं जाताना कौशल्याबाईंचेच हात आपसूक जोडले गेले, आणि मग घरापर्यंत त्या स्वतःवर चरफडत आल्या. आपणच दिलेली हूल, आणि आपणच तिच्यापुढं पानं टाकली.

त्यांनी मूठभर चिंचोके उचलले आणि मधे ओतले.

"अगं बाई!" सावित्रीबाईंनी गालाला हात लावला. "अठ्ठी दिसतीय हिच्याकडं. मी न्हाई बाई." त्यांनी पानं फेकली.

शालनबाईंचा शेंगेवरचा हात थांबला. त्यांनी वर बघितलं. कौशल्याबाईंनी नजर हलवली नाही. ओसरीच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं. मुंबई रस्त्यानं कुठलीतरी मालमोटार गेली आणि तिचा आवाज दापोडीकडं विरत गेला, तरी शालनबाई बघतच होत्या. असं बघत होत्या जसं पोरगी पोह्यांची बशी घेऊन आली तेव्हाही बघितलं नव्हतं. मग त्यांनी मान हलवली. "घ्या बाई. तुमच्याशी कोण भांडंल?" पानं टाकताना एक उताणं पडलं. इस्पिकची नव्वी. मधल्या नव्वीशी जोडी. जिंकलेला डाव टाकला होता बाईनं.

ते बघितलं आणि कौशल्याबाईंच्या जिभेवर काहीतरी गोड आलं. ही बाई भिते. पाटी लावलेल्या घरात माणूस आहे आणि ते भिणारं आहे. चिंचोके ओढून घेताना त्यांचे हात हलके झाले होते. तेवढ्यात इंद्रायणी चहा घेऊन आली. आडवारीसुद्धा पोरगी आता केसांना तेल लावून चापून वेणी घालते, हे कौशल्याबाई महिनाभर बघत होत्या आणि बघितलं नाही असं दाखवत होत्या. बबन पाहायला आला त्या दिवशी पोरीनं एकदाच डोळे वर केले होते. एकदाच. त्या एकदाचं काय करायचं, हे रोज रात्री कौशल्याबाईंच्या उशाशी येऊन बसायचं. शालनबाईंनी कप घेतला. म्हणाल्या, "आलं घातलंस व्हय पोरी? छान." पोरगी उभी राहिली. आणखी काही येईल म्हणून उभी राहिली. शालनबाई फुंकर घालून चहा प्यायला लागल्या. पोरगी आत गेली.

तिच्या त्या पाठमोऱ्या वेणीकडं बघताना कौशल्याबाईंचं डोकं फिरलं. त्या पानं पिसत म्हणाल्या, "पोरीला आता फार दिवस चहा करायला न्हाई लावायचं. माणच्या सोपानरावांकडनं निरोप आलाय. धाकट्यासाठी."

बोलून झालं. शब्द मधे पडले, पालथे. त्या समोर बघत राहिल्या, शिकवल्याप्रमाणं.

"कुठले सोपानराव?" सावित्रीबाई म्हणाल्या. "वरच्या आळीचे? अगं, त्यांचं देवक कळंब की. तुमचंबी कळंबच. भाऊ-भन लागत्यात की गं पोरं. लगीन कसं व्हायचं?"

कौशल्याबाईंचे कान तापले. माणमध्ये ओळखीचं घर शोधायला गेलेली जीभ थेट भावकीत जाऊन शिरली होती. ओळखीचं होतं ते त्याचमुळं ओळखीचं होतं! एका देवकाच्या घरांत सोयरीक होत नाही, हे शेंबड्या पोरालासुद्धा कळतं. आणि सावित्रीनं, आयुष्यात कधी वेळ न साधणाऱ्या सावित्रीनं, नकळत दार उघडून धरलं होतं. 'अगं खरंच की, ध्यानातच आलं न्हाई, मग ते बारगळलं म्हणायचं,' एवढं म्हटलं की झालं. सगळं पुसलं गेलं असतं. पण शालनबाई बघत होत्या. आणि कुणी बघत असताना पान मागं घेणं कौशल्याबाईंच्या जन्मात नव्हतं.

"दत्तक गेलाय तो," त्या म्हणाल्या. "मामाच्या घरी. दत्तक गेला की देवक त्या घरचं."

"मला न्हाई बाई ठावं," सावित्रीबाई म्हणाल्या.

"तुला काय ठावं असतं?"

शालनबाईंनी कप खाली ठेवला. मोठा श्वास सोडला. "लई ब्येस झालं," त्या म्हणाल्या. "पोरीचं सोनं झालं. जमल्यासारखंच हाय की मग. आता आमी मधी पाय घालनं बरं न्हवं." त्यांनी टरफलं पदरात गोळा केली, दोन्ही हातांनी गुडघे दाबत उठल्या. "येते बाई. पीठ दळायचं राहिलंय."

कौशल्याबाईंना वाटलं, लागलं हिला. बरोबर लागलं. आता घरी जाईल, नवऱ्याला सांगेल, तोंडचा घास चालला म्हणून संध्याकाळी दोघं नारळ घेऊन येतील. आतून इंद्रायणी उंबऱ्यापर्यंत आली. तिचा चेहरा उतरला होता. "आज्जी, माणला कोण हाय?"

"कुनी न्हाई. हूल दिली. तू बघ, कशी पळत येत्यात त्या."

पोरगी हसली आणि पळत आत गेली. कौशल्याबाई चिंचोके गोळा करू लागल्या. मुठीत धरले आणि हात तिथंच थांबला. पत्त्यांत समोरच्यानं पानं टाकली की मधलं सगळं आपलं. म्हणून तर हूल द्यायची, त्यानं टाकावीत म्हणून. आणि इथं? इथं त्यांना शालनबाई बसून राहायला हव्या होत्या. इथं त्यांनी टाकली तर मधे उरतं काय? चिंचोके. एवढी वर्षं त्या एकच गोष्ट शिकल्या होत्या, लोकांना उठवायचं; आणि एका माणसाला बसवून ठेवायची वेळ आली तेव्हा हाताला तेवढंच काम ठाऊक होतं.

"कौसे," सावित्रीबाई हळू आवाजात म्हणाल्या, "गेली की गं ती."

"मला डोळं न्हाईत?" त्या उठल्या. चपला सापडेनात. तशाच निघाल्या.

रस्ता भाजत होता. डांबर मऊ झालेलं. निर्वासितांच्या छावणीतली पोरं बर्फाचा गोळा चोखत उभी होती, ती ह्या अनवाणी म्हातारीकडं बघायला लागली. ह्या रस्त्यानं त्या कधी कुणाच्या मागं धावल्या नव्हत्या. सासूच्या नाही, मालकांच्या नाही, साखळीवाल्या साहेबाच्याही नाही. जग त्यांच्यामागं यायचं, नाहीतर जगाची गरज नव्हती. आणि आज पायांना चटके बसतायत, पदर सुटतोय, तोंडातनं शिव्या येतायत, त्या शालनबाईला की स्वतःला हे शिव्यांनाच माहीत. रेल्वेचं फाटक बंद होतं. दोन बैलगाड्या, सायकलवाले, डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई, आणि त्यांत शालनबाई, पदरात अजून टरफलं धरून उभ्या. मालगाडी चालली होती, संपता संपत नव्हती.

"शालनबाई."

त्या वळल्या. आधी चेहऱ्याकडं बघितलं, मग पायांकडं.

"माणचं कुनी न्हाई," कौशल्याबाई म्हणाल्या. मालगाडीच्या आवाजात ओरडून म्हणावं लागलं, त्यामुळं सायकलवाल्यांनीही ऐकलं. "निरोप न्हाई, दत्तक न्हाई. हूल दिली मी. तुमी बोलंनात म्हणून दिली."

शालनबाईंनी पदरातली टरफलं घट्ट आवळली. डबे जात राहिले. मग म्हणाल्या, "कशाला सांगितलंत?"

"म्हंजी?"

"सुटले होते की हो मी. तुमीबी सुटला होता. उद्या पानं वाटून बसलो असतो. म्हैना झाला, कसं सांगू म्हणून रोज येत होते आन् शेंगा खाऊन जात होते. आता तोंडानं म्हनायला लावताय. न्हाई जमायचं, कौशल्याबाई."

"पोरीत काय कमी हाय?"

"पोरगी लाख हाय. बबनला पसंत हाय. त्याचे वडील हो म्हणत्यात. मीच अडवून धरलंय."

"का?" एवढा लहान शब्द कौशल्याबाईंच्या तोंडून इतक्या लहान आवाजात कधी आला नव्हता.

शालनबाईंनी पदरातली टरफलं रुळाकडं टाकली आणि पदर झटकला. "रागावू नका. आल्यापास्नं तुमच्यासंगं खेळते मी. तुमी कवा खरं बसलाय आन् कवा हूल देताय, मला एक डाव कळलं न्हाई. एक डाव न्हाई! मगाशी नव्व्यांची जोडी टाकली मी. खेळायला लई मजा येती. पन विहीण म्हंजी जन्माचं बसनं आलं समोर. सणावाराला तुमी हसला की मी रातभर जागायचं, का हसल्या म्हणून. बबन कायम व्हावा म्हणून त्या भिंतीच्या मूळपुरुषाला मी अकरा मंगळवार नारळ फोडलं. मग सावित्रीबाईंनी सांगितलं, दगड कसला ते. हसत होत्या त्या. मला हसू न्हाई आलं. मी साधी बाई हाय. मला भ्या वाटतं तुमचं."

एक डाव कळलं नाही. लाज, राग, चटके, सगळ्याच्या खालून कौशल्याबाईंच्या छातीत एक उबदार काहीतरी सरकलं. हिंदुराव असते तर मांडीवर थाप मारून हसले असते. एकदाही नाही! तो अभिमान जेवढा वेळ एक डबा समोरून जायला लागतो तेवढाच टिकला असेल, पण तो आला हे त्यांना कळलं, आणि आपल्याला तो अशा वेळीसुद्धा आला ह्याचा त्यांना जो संताप आला, तो शालनबाईंच्या नकाराहून मोठा होता.

"आता खरं सांगायला धावत आले न्हवं मी?" त्या म्हणाल्या. "अनवाणी?"

शालनबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. तेच मघाचं बघणं, ओसरीवरचं, नव्वी टाकायच्या आधीचं. "व्हय," त्या म्हणाल्या. "तेच बघतीय. आन् तेबी मला कळंना."

शेवटचा डबा गेला. फाटक वर झालं. बैलांच्या शेपट्या पिळल्या गेल्या, घंटा वाजल्या, माणसं पुढं सरकली आणि त्यांत शालनबाईंचा हिरवा पदर रुळांपलीकडं गेला.

घरी आल्या तेव्हा सावित्रीबाई उठून गेल्या होत्या. पत्ते कुणीतरी नीट गोळा करून ठेवले होते. इंद्रायणी तांब्या घेऊन बाहेर आली, आजीच्या पायांवर पाणी घालायला वाकली, आणि वाकूनच, वर न बघता विचारलं, "काय म्हणाल्या?"

तांब्यातलं पाणी पायांवरून गेलं आणि जिथं जिथं भाजलं होतं तिथं तिथं वेगळं लागलं. काहीही सांगता आलं असतं. 'विचार करून कळवतो म्हणाल्या.' 'पत्रिका पुन्हा बघायचीय.' एक पावसाळा त्यावर निघून गेला असता. जीभ तयारच होती, तिला सांगावंही लागत नव्हतं. त्यांनी त्या चापून घातलेल्या वेणीकडं बघितलं. पाठीवर तेलाचा ओघळ उतरला होता.

"न्हाई म्हणाल्या," त्या म्हणाल्या.

पोरीनं वर बघितलं. डोळे मोठे झाले, मग बारीक झाले, आणि ती हसली. "चल! मगाशी सावित्रीआजींना फसवलंस, आता मला व्हय?"

"खरं सांगते, इंदे."

"असंच म्हणतीस तू. 'खोटं कशाला सांगू' म्हणूनच खोटं सांगतीस." पोरीनं तोंडाला ओला हात लावला, हसू आवरेना. "कधी यायच्यात? आज? मी केस पुन्हा विंचरू का?"

"इंद्रायणी, माझ्याकडं बघ. न्हाई म्हणाल्या त्या."

पोरगी बघत राहिली, आजीच्या चेहऱ्याचा एकेक भाग, कपाळ, डोळे, ओठांचे कोपरे, जसा माणूस डाव जिंकायच्या उमेदीनं बघतो तसं. कौशल्याबाईंनी चेहरा मोकळा सोडायचा प्रयत्न केला. तो कसा सोडतात ते त्यांना आठवेना. ओठ हलले, पण ते हसण्यासारखे हलले.

"बघ! हसलीस!" पोरगी ओरडली आणि रिकामा तांब्या घेऊन आत पळाली. आत फणेरपेटी उघडल्याचा आवाज आला.

"इंदे," कौशल्याबाईंनी हाक मारली.

"आले, आले," आतून पोरगी म्हणाली. तिनं वेणी सोडली होती, आणि मोकळे केस खांद्यावर टाकून ती हसतच बाहेर आली.